दहावी खुर्ची

या, अशा पुढे सरका. मागे बसलात तर अर्धी गोष्ट वारा घेऊन जाईल. देवानं एकाच आईच्या पोटी दोन मुलगे दिले, दोघांना उंची दिली आणि खेळही एकच दिला, त्यांची ही गोष्ट. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो. पण देवाच्या दारात काय फक्त गोडच सांगायचं असतं?

थोरल्याला सगळे दादाच म्हणत. घरचे म्हणत, कोच म्हणे, समोरच्या संघातले सुद्धा म्हणत. वय पस्तिशीला टेकलेलं, गुडघ्याला कायमची पट्टी. पण बास्केटबॉल हातात आला की असा पास द्यायचा, की घेणाऱ्याला वाटावं, बॉलच आपला पत्ता शोधत आला. धाकटा त्याच्याहून वीतभर उंच. त्याला शिडी म्हणत. बाप लवकर गेला, तेव्हा पाण्याच्या टाकीमागच्या सिमेंटच्या मैदानावर दादानंच त्याला शिकवलं. स्वतःचे बूट फाटके ठेवून याच्या पायात नवे घातले. आता दोघे एकाच व्यावसायिक संघात होते. दादा पास द्यायचा, शिडी बास्केट करायचा.

या लीगची एक रीत होती. इतर ठिकाणी सध्याचे सर्वोत्तम दहा खेळाडू कोण, हे टीव्हीवरचे पंडित ठरवतात. इथं खेळाडूच ठरवत. त्याला ‘पुकारा’ म्हणत. हंगामाच्या तोंडावर सगळे संघ एका हॉलमध्ये जमत. व्यासपीठावर दहा खुर्च्या. गेल्या वर्षीचा पहिला उठे आणि यंदाच्या पहिल्याचं नाव पुकारे. तो वर जाऊन बसे आणि दुसऱ्याचं नाव घेई, दुसरा तिसऱ्याचं, अशी माळ दहाव्यापर्यंत. खेळणाऱ्याची पारख खेळणाऱ्यालाच, दुसरं काय!

दादाचा जीव यंदा या पुकाऱ्यावर टांगलेला. कारण क्लबनं स्पष्ट सांगितलं होतं, पस्तिशीनंतर खुर्ची मिळाली तरच यंदा संघात जागा. दहावी का असेना. नाहीतर बूट खुंटीला.

आणि इथंच त्या भोळ्या माणसानं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. पहिलवान म्हणून एक धिप्पाड गडी होता, दुसऱ्या संघातला, पण दादावर जीव टाकणारा. तो सरावानंतर येऊन म्हणाला, “दादा, माझी पाळी आली तर तुझंच नाव घेतो बघ.”

“नको रे बाबा,” दादा हसला. “शिडी घेईल की. त्याच्या तोंडचा घास कशाला काढतोस? तू दुसऱ्या कुणाचं तरी भलं कर.”

“आणि नाही घेतलं त्यानं तर?”

“गाढवा, भाऊ आहे तो माझा!”

आणखी दोघं-तिघं आले, त्यांनाही हेच उत्तर. भावानं भावाचं नाव पुकारायचं, आईनं ते टीव्हीवर बघायचं, या सुखात वाटेकरी नको होता त्याला.

पुकाऱ्याचा दिवस आला. गेल्या वर्षीचा पहिला, ज्याला सरदार म्हणत, तो उठला आणि त्यानं नाव घेतलं, “शिडी!” हॉल दणाणला. दादा तर खुर्चीवरच उभा राहिला. टाळ्या पिटून पिटून हात लाल झाले, डोळे भरून आले. शिडी वर गेला, पहिल्या खुर्चीवर बसला, माइक तोंडाशी धरला. दादा खाली बसला, शर्ट ओढून सारखा केला आणि उठायच्या तयारीत एक पाय पुढे ठेवला.

“तोफ,” शिडी म्हणाला.

तोफ म्हणजे लांबून बास्केट मारणारा. खेळाडू झकास, वादच नाही. दादानं पाय मागे घेतला. शेजारच्यानं विचारलं, “काय रे, हे काय?” दादा म्हणाला, “बरोबर केलं. लगेच भावाचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, घरातल्या घरात वाटून घेतलं.”

पण माळ पुढे सरकत गेली तसा हॉलमध्ये कुजबुजीला ऊत आला. सख्खा भाऊ नाव घेत नाही म्हणजे काहीतरी असणार. गुडघा कामातून गेला असेल. दोघांचं बिनसलं असेल. जो तो उठे, दादाकडे बघे, शिडीकडे बघे आणि तिसऱ्याचंच नाव घेई. घरच्यानं हात काढल्यावर बाहेरचा कशाला धरतो?

नववा पुकारला गेला पहिलवान. एकच खुर्ची उरली. पहिलवानानं माइक हातात घेतला, थेट दादाकडे बघून हसला आणि नाव घ्यायला तोंड उघडलं. एवढ्यात सवयीनं त्याची नजर शिडीकडे वळली.

शिडीनं मान हलवली. जराशी. नाही.

दादानं ते पाहिलं.

पहिलवान गोंधळला. त्याला वाटलं, दोघा भावांचं काही ठरलेलं दिसतंय, दादालाच खेळ सोडायचा असेल. त्यानं एका नव्या पोराचं नाव घेतलं. ते पोर धावत वर गेलं. टाळ्या झाल्या.

नंतर हात धुवायच्या जागी दादानं शिडीला गाठलं.

“तू मान हलवलीस.”

“हलवली.”

“अरे, दहावीच होती रे. तेवढ्यावर माझं एक वर्ष निघालं असतं.”

“म्हणूनच हलवली,” शिडी हात पुसत म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. “मी बास्केट करतो आणि लोक म्हणतात, दादाचा पास बघितलास? पहिला झालो तरी दादाचा भाऊच. एकदा तरी तुझ्याशिवाय खेळू दे मला.”

“मग आधी बोलायचंस. मीच थांबलो असतो.”

“नसतास थांबला. गेल्या वर्षीही ‘एकच वर्ष’ म्हणालास.”

हे खरं होतं.

“चल, फोटोला बोलावतायत,” शिडीनं कोट काढून त्याच्या हातात दिला. “एवढा धर जरा. सगळे जर्सीत आहेत.”

आणि दादानं तो धरला हो! दहा जणांचा फोटो निघेपर्यंत दाराशी उभा राहून, चुरगळू नये म्हणून हातावर नीट घडी टाकून धरला.

घरी आईला फोन लावला तर ती आनंदानं नुसती उतू जात होती. “पाहिलंस ना रे, पहिला! माझं बाळ पहिलं! तू कुठं होतास पण? टीव्हीत दिसलाच नाहीस.”

“गर्दी होती, आई.”

“असू दे. हे बघ, तुझी खोली मोठी आहे, ती आता त्याला दे. लोक येतील भेटायला. तुला आता कुठं कोण यायचंय?”

तिच्या मनात विष नव्हतं. म्हणूनच तिच्या बोलण्याचा डंख दादाला उतरवता येईना.

हंगामाचा पहिला सामना दादानं प्रेक्षकांत बसून पाहिला. आणि तिथं, सांगायला लाज वाटते, त्यानं मनातल्या मनात देवाला हात जोडले. देवा, एक बॉल त्याच्या हातून सुटू दे. एकच. नुसता रिकामा हात पुढे करून त्याला एकदा उभा राहू दे, पास न आलेला.

बॉल सुटला नाही. शिडी असा खेळला, असा खेळला, की म्हातारी माणसंही बाकावर चढली. पास देणारा नवा पोरगा चांगला होता. दादाची उणीव कुणाला भासली नाही, शेजारी बसलेल्यालाही नाही. तो दादाच्या मांडीवर थाप मारून ओरडला, “काय खेळतोय राव! कोण शिकवतं हो अशांना?”

दादा म्हणाला, “देव.”

तर बाबांनो, मायबाईंनो, त्या दहा जणांची काळजी आपण करायला नको, त्यांची नावं घेणारे पुष्कळ आहेत. पण तुम्ही देवापुढं उभे राहाल, घरच्यांसाठी मागून झालं असेल, ओठ अजून मिटले नसतील, तेव्हा त्या दादाची आठवण काढा. भावाचं वाईट मागितलं म्हणून तो आता देवापुढं मान वर करत नाही. त्याच्या वतीनं तुम्हीच एकदा त्याचं नाव पुकारा.