दोन फुल्या

"वायर लागत नाही म्हणजे स्पीकर हवेवर जगत नाहीत हो," दुकानातून माप घ्यायला आलेला माणूस हसत म्हणाला. "आवाज येईल हवेतून, पण वीज भिंतीतूनच घ्यावी लागते. मागच्या दोन स्पीकरना दोन बाजूंना प्लग हवेत. बसल्यावर कान जिथे येतो, त्या उंचीला. बसा बघू."

दादा पलंगाच्या कडेला बसला. त्या माणसाने त्याच्या कानाच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने फुली काढली. दुसरी समोरच्या भिंतीवर, बाथरूमच्या दाराशेजारी.

"पलंग काढाल ना? मध्ये सोफा येईल."

"काढू."

"खोली कुणाच्या वापरात आहे का?"

"नाही," दादा म्हणाला. "रिकामीच आहे."

दारात उभी असलेली बायको त्याच्याकडे बघतच राहिली. आईची शाल अजून उशाशी घडी घालून ठेवलेली होती.

आई दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते, वयाचा विचार करा म्हणत होते. दादा चष्म्याच्या दुकानात, मागच्या कोंदट खोलीत काचा घासायचा. यंत्राची घरघर घरी आल्यावरही त्याच्या कानांतून जात नसे. मेहुण्याच्या ऑफिसातला जुना प्रोजेक्टर घरात आला, तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं होतं, की एकदा तरी चारी बाजूंनी स्वच्छ आवाज ऐकत निवांत बसायचं. पण हॉलच्या भिंतीत भली मोठी खिडकी. प्रोजेक्टरचं चित्र पाडायला कोरी, पांढरी भिंत होती ती फक्त आईच्या खोलीत. 'आईचं काही झालंच तर' हा विचार त्याने मनात कधी पुरा होऊ दिला नव्हता. माप मात्र घेतलं होतं.

माणूस गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, आई आहेत अजून."

"मी कुठे काय म्हटलं? नुसतं माप तर घेतलं."

"रिकामी म्हणालात."

तेवढ्यात दवाखान्यातून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आईने डोळे उघडले! नर्सवर डाफरतेय, माझी कवळी कुठे ठेवलीत म्हणून!"

दादा हसला. त्याचे डोळेही भरून आले. पण त्याआधी त्याची नजर भिंतीवरच्या फुलीकडे गेली होती, आणि ते त्याचं त्याला कळलं होतं.

आई यायच्या आदल्या दिवशी तो खोडरबर घेऊन बसला. फुली काही जाईना. उलट भोवतीचा रंग मळला आणि ती जास्तच उठून दिसायला लागली.

आईला आणून पलंगावर बसवलं. तिने दम घेतला, खोलीभर नजर फिरवली. "या खुणा कसल्या रे?"

दादा उशी सारखी करायला लागला.

"दांडे बसवतोयस होय, धरायला? एक पलंगाशी, एक बाथरूमशी?"

"हो," त्याच्या तोंडून निघून गेलं. बायकोने चादर झटकायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी त्याने स्टीलचे दांडे आणले आणि बरोबर फुल्यांवरच भोकं पाडली, म्हणजे खुणाच उरायला नकोत. आईने धरून पाहिलं. "जरा उंच झालाय. असू दे, तेवढाच हाताला व्यायाम."

मग जो येईल त्याला ती सांगत सुटली, "मी तिकडे मरणाच्या दारात, आणि हा इथे माझ्यासाठी मापं घेत होता. असा मुलगा मिळायला नशीब लागतं." समोरच्या घरातल्या काकूंनी तर आपल्या मुलाला मुद्दाम दांडे बघायला पाठवलं. अशा वेळी दादा काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचा आणि नळ सोडून नुसताच उभा राहायचा.

"सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची.

"काय सांगू?"

ती पुढे होऊन नळ बंद करायची.

एका रविवारी दाराची बेल वाजली. दादाने दार उघडलं, तर खोकं कवेत धरून तोच स्पीकरवाला माणूस. ऑर्डर रद्द करायची राहूनच गेली होती. "आलं बघा तुमचं सामान! ती मागची रिकामी खोली ना?" दादा काही बोलायच्या आत तो आत पोचलासुद्धा.

पलंगावर आई बसली होती. तो चपापला. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "अरेच्चा! माझ्या स्पीकरच्या फुल्यांवर दांडे कुणी ठोकले?"

आईने दांड्याकडे पाहिलं. मग दादाकडे.

"आई, मी..."

"बाळ," आई त्या माणसाला म्हणाली, "ही खोली रिकामी नाही. मी राहते इथे. तुझं ते हॉलमध्ये बसव. खिडकीला जाड पडदा लावला की झालं." दांडा धरून ती उठली. दादाने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत ती त्या माणसाला हॉल दाखवायला गेली.

संध्याकाळी बहीण आली. दांडा हलवून बघत म्हणाली, "काय मजबूत बसवलायस रे, दादा! काकू सांगत होत्या, आई दवाखान्यात असतानाच मापं घेतली होतीस म्हणे."

दादाने मान खाली घातली.

"हो," आई म्हणाली. "आधीच घेतली होती."

आणि तिने लेकीकडे नातीच्या परीक्षेची चौकशी सुरू केली.