दिगंबरांनी लावलेला सा

मी कलकत्त्यातल्या बालीगंजच्या एका घरातलं जुनं व्हायोलिन बोलतोय. माझी पाठ एकसंध लाकडाची, वाघासारखी पट्टेदार. इतरांच्या डोक्याशी गुंडाळी असते. माझ्या डोक्याशी कोरलेलं सिंहाचं तोंड आहे, एका कानाने तुटकं. पोटातली कारागिराची चिठ्ठी कसरीने खाल्ली, म्हणून नेमकं वय मलाही ठाऊक नाही.

तागाच्या गिरणीतल्या एका साहेबाबरोबर मी इथे आलो. तो मला हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवायचा. मायदेशी परतताना त्याने सामान लिलावात काढलं आणि सरकारी नोकरीत बदलून आलेल्या दिगंबर खांबेट्यांनी मला घरी आणलं. ते मांडी घालून बसत. सिंहाचं तोंड पावलावर टेकवण्याआधी त्याला नमस्कार करत. माझ्या तारा ते पत्नीच्या, कालिंदीबाईंच्या गळ्याला जुळवून लावत.

"तू नुसती खोकलीस तरी माझा सा लागतो," ते म्हणत.

"मग खोकतेच. गायची मेहनत वाचली!"

एकाहत्तरच्या पावसाळ्यात दिगंबर गेले. कालिंदीबाईंनी माझी पेटी मिटली. "खुंट्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांच्या हातचा सूर आहे तो." त्यानंतर त्या गायल्याही नाहीत.

माणसं असं करतात. गेलेल्याचा चष्मासुद्धा पुसत नाहीत. पण त्या सुरासाठी ताणलेल्या तारांचा भार माझ्या अंगावर होता. तीन वर्षं दमट हवेत तारांनी पोट दाबलं आणि लाकडाला चीर गेली.

ती दिसली मुलीला, उज्ज्वलाला. वाजवायला ती वडिलांकडेच शिकलेली.

"आई, तारा उतरवल्या नाहीत तर हे फुटेल गं."

"आणि त्यांचा सूर?"

 उज्ज्वलाने एक तार छेडली. घोगरा, उतरलेला आवाज आला.

"हा त्यांचा सूर नव्हे," कालिंदीबाई पटकन म्हणाल्या. मग त्यांनी मला जवळ ओढलं. खुंट्या त्यांनीच सैल केल्या, एकेक करून. प्रत्येक खुंटी करकरली की त्या डोळे मिटत.

कारागिराकडून चीर सांधून घेऊन मी काल घरी आलो. नव्या तारा चढवून उज्ज्वला खुंटी धरून बसली.

"आई, सा दे."

कालिंदीबाईंनी तोंड फिरवलं, पदर डोळ्यांना लावला. मग गळा साफ केला. आवाज थरथरला, मध्येच तुटला, पण जागेवर लागला. उज्ज्वलाने माझी तार हळूहळू तिथवर आणली.

तुमच्याही घरी कुणाचं वाद्य असं मिटून ठेवलं असेल, तर त्याच्या तारा सैल करा. जुना सूर घरातल्याच कुणाच्या तरी गळ्यात असेल. मागायला उशीर तेवढा करू नका.