नकाशातलं बोटाएवढं भोक

मी एक जुना नकाशा आहे. जगाचा. भिंतीवर टांगायचा, वर-खाली काळ्या लाकडी दांड्या असलेला आणि अंगावर एक बोटाएवढं भोक पडलेला. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हुंदके देतात, असा तुमचा अनुभव असेल. मी देणार नाही. मला रडू येत नाही. मला राग येतो, आणि रागाहूनही जास्त हेवा वाटतो. कुणाचा, ते सांगतोच.

माझा जन्म छापखान्यातला. आधी समुद्राची निळी शाई चढली. ती वाळल्यावर पिवळी, मग गुलाबी, मग हिरवी. काळी शाई सगळ्यात शेवटी, कारण नावं आणि सीमा काळ्या. म्हणजे थोडा वेळ माझ्यावर सीमाच नव्हत्या, नुसतं पाणी आणि रंगीत जमीन. यंत्रावरचा कामगार माझ्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला, "असाच राहू दे की याला. भांडणच नको."

"आणि मग विकत कोण घेणार? तुझा मामा?" शेजारी म्हणाला, आणि त्याने काळी शाई चढवली.

मग मला खळ लावून जाड कापडावर चिकटवलं, वरून चकचकीत रोगण फिरवलं, दांड्या ठोकल्या. एका शाळेने मला नेलं. वर्गात फळ्याच्या शेजारी एक खिळा होता, तो माझा. त्या भिंतीचा मी राजा होतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढे काय गमावलं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतोय.

त्या वर्गावर एक बाई होत्या. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र तिन्ही त्याच शिकवायच्या. मुलं कुरकुरली की म्हणायच्या, "अरे, तीन कुठले? विषय एकच आहे. कुठे, केव्हा, आणि हे ठरवलं कुणी? एवढं विचारायला शिकलात की पास."

बाईंची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचंच नाही. एकेका मुलाने माझ्यापाशी यायचं, आपलं गाव शोधायचं, त्यावर बोट टेकायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आपण इथे." गाव माझ्यावर छापलेलंच नव्हतं, तेवढं ते मोठं नाही. समुद्रकिनाऱ्याच्या वळणावरून आणि एका नदीवरून अंदाज घ्यायचा. आणि मुलांची बोटं ती केवढी! बोटाखाली आपलं गाव, शेजारची चार गावं आणि शेजारच्या राज्याचा एक तुकडासुद्धा यायचा. बाई म्हणायच्या, "चालेल. शेजाऱ्यांना धरूनच असतं गाव." मग ते बोट न उचलता निघायचं. वाळवंटातून, डोंगरांवरून, समुद्र ओलांडून जिथे जायचं तिथे. जगात कुठेही जायचं असलं तरी निघायचं त्याच ठिपक्यावरून.

मित्रांनो, ती बोटं मला अजून आठवतात. शाईची, खडूची, बिस्किटांच्या चुऱ्याची, नखं खाल्लेली. वर्षामागून वर्षं बोटं टेकत गेली. आधी तिथलं रोगण गेलं. मग रंग गेला, पांढरा कागद दिसायला लागला. मग कागदही झिजला, कापड विरलं, आणि एक दिवस आरपार भोक पडलं. सगळं जग शाबूत, फक्त आपलं गाव गायब! दुसऱ्या एखाद्या नकाशाला लाज वाटली असती. मला ते भोक पदकासारखं वाटायचं.

दुसरी रीत सांगतो. जगात कुठे एका देशाचे दोन झाले, कुठे सीमा सरकली, तर बाई नवा नकाशा मागवायच्या नाहीत. "नवा आणला तर तुम्हाला वाटेल, हे पहिल्यापासून असंच होतं," त्या म्हणायच्या. जुनी काळी रेघ तशीच ठेवून शेजारी लाल शाईने नवी रेघ मारायची. ती कुणी मारायची? त्यासाठी दोन मुलं उभी राहायची, वर्ग मतं द्यायचा. जिंकलेल्याने पेन धरायचं. आणि हरलेल्याने पट्टी धरायची.

"पट्टी हलली तर रेघ वाकडी," बाई बजावायच्या. "म्हणजे हरलेला रुसून घरी गेला तर जिंकलेल्याचंही काम बिघडतं. कळलं?"

सगळ्यांना कळलं असं नाही. माझ्यावर एक लाल रेघ अजून वाकडी आहे. हरलेल्याने मुद्दाम पट्टी हलवली होती. एका देशाला फुकटात एक डोंगर मिळून गेला.

आता हेव्याकडे वळतो.

एके दिवशी खोक्यातून पृथ्वीगोल आला. गोलमटोल, पितळी कमानीत बसलेला, जरा धक्का दिला की गरागरा फिरणारा. मुलं माझ्याकडे पाठ करून त्याच्याभोवती जमली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फिरतो म्हणून एवढं कौतुक? भोवराही फिरतो.

त्यावर कडी म्हणजे बाईंनी दोऱ्याचा खेळ मांडला. लंडनहून टोकियोला जवळचा रस्ता कुठला? मुलांनी माझ्यावर दोरा ताणला. सरळ आशियाच्या मधून गेला. मग तोच दोरा त्या गोलावर ताणला, तर तो उत्तरेकडून, पार बर्फाच्या प्रदेशाला वळसा घालून निघाला. आणि तोच जवळचा! पुढे ग्रीनलंड निघालं. माझ्यावर ते जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. गोलावर बघितलं तर आफ्रिका त्याच्या कितीतरी पट मोठी.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, नकाशा थापा मारतो!"

वर्ग हसला. माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच विचार करा. ज्या अंगावर ही पोरं वाढली, तेच अंग खोटारडं ठरलं.

बाईंनी डब्यातलं मोसंबं काढून सोललं. साल टेबलावर ठेवून तळहाताने दाबली. ती जागोजागी तडकली. "थापा नाही मारत," त्या म्हणाल्या. "गोल गोष्ट सपाट करायची तर ती फाडा, नाहीतर ताणा. याने ताणून घेतलंय. जो कुणी जग सपाट करून दाखवेल, त्याला विचारायचं, बाबा रे, तू कुठे ताणलंस? नकाशालाही विचारायचं आणि भाषण ठोकणाऱ्यालाही."

शहाण्या होत्या बाई. पण माझी जळजळ शहाणपणाने शमली नाही. पुढे कुणाचा तरी धक्का लागून पृथ्वीगोल टेबलावरून पडला आणि त्याला प्रशांत महासागरात भलामोठा पोचा आला. मला आनंद झाला. उगाच नाही कशाला म्हणू? झाला.

मग बाई निवृत्त झाल्या. नवे सर आले, तरुण, हसरे, बोलायला बरे. आणि त्यांच्यामागून आली ती. स्क्रीन.

भिंतभर. मधोमध. माझा खिळा उपटून तिथेच तिची चौकट ठोकली. मला दाराशेजारच्या ओल आलेल्या भिंतीवर टांगलं. स्क्रीनवर जग उजळायचं, जवळ यायचं, दूर जायचं, गल्ली दिसायची, घराचं छप्पर दिसायचं. एक निळा ठिपका आपोआप लुकलुकायचा आणि सांगायचा, तुम्ही इथे आहात. शोधायची गरज नाही, किनारा नको, नदी नको. हेही मी गिळलं असतं. पण मित्रांनो, तिला बोटं लावायची असतात! बोट लावल्याशिवाय ती चालतच नाही. सगळी माझी बोटं, खडूची, चुऱ्याची, नखं खाल्लेली, दिवसभर तिच्या अंगावर. आणि पुसलं की परत कोरी करकरीत. इतकी बोटं लागूनही तिला एक ओरखडा नाही! गोलाचा मी मत्सर केला होता. हिच्यासमोर मी आतून पेटलो.

तेवढ्यात मुख्याध्यापकांची नजर माझ्यावर गेली. त्यांना सगळे मोठे सर म्हणतात. "हे भोक काय दिसतंय? पाहुणे आले तर काय म्हणतील?" त्यांनी शिपाईकाकांना ते बुजवायला सांगितलं. काकांकडे घोटीव कागदाचा एक तुकडा उरला होता. निळा. त्यांनी तो मागून चिकटवला आणि हात झटकले. वर मोठ्या सरांनी पाटी लावली: हात लावू नये.

म्हणजे जिथून सगळी पोरं जगभर निघायची, ते गाव आता समुद्रात होतं. चारी बाजूंना जमीन, मध्ये निळं पाणी. कुणाच्या लक्षातही आलं नाही. येणार कसं? जवळ कोण येत होतं?

एक दिवस मोठे सर वर्गात आले ते टेप घेऊन. शिपाईकाकांनी माझी लांबी-रुंदी मोजली. "हा आपल्या शाळेचा ठेवा आहे," मोठे सर म्हणाले. "याला काचेच्या चौकटीत घालून माझ्या खोलीबाहेर लावू. काय मुलांनो?" मग नव्या सरांकडे वळून म्हणाले, "तुमचं नागरिकशास्त्र चाललंय ना? घ्या, यावर मतदान घ्या. मुलांनाही बरं वाटेल."

वर्गाला बरं वाटलं. मला धडकी भरली. काच म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. काचेमागे ठेवलेल्याला धूळ लागत नाही, ओल लागत नाही आणि कुणाचं बोटही लागत नाही. कायमचं. त्या क्षणी ओल आलेली भिंत मला स्वर्ग वाटली.

वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे पुढारी म्हणायचे. तो उठला, खाकरला. "आदरणीय मोठे सर आणि माझ्या बंधुभगिनींनो, ठेवा म्हटला की तो जपलाच पाहिजे. नाहीतर फाटून जाईल. मग आपल्या हातात काय राहील? दोन काठ्या!" टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, मुद्दा बरा होता.

मग शेवटच्या बाकावरून हात वर गेला. तिचं टोपणनाव प्रश्नबाई. "सर, मला आधी जवळून बघायचाय."

"पाटी वाच," मोठे सर म्हणाले.

"वाचली. पण न बघता मत कसं देऊ?"

नव्या सरांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठ्या सरांनी छताकडे पाहिलं. ती तेवढ्यात पुढे आलीसुद्धा. माझ्यासमोर उभी राहून तिने किनाऱ्याचं वळण बघितलं, नदी बघितली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर, आपलं गाव बुडालंय."

"काय?"

"हे बघा ना. नदी इथे येते, म्हणजे गाव इथे. आणि इथे समुद्र!"

शिपाईकाका दारातून म्हणाले, "तो समुद्र मी चिकटवलाय. दुसरा कागद नव्हता."

वर्ग असा हसला की मोठे सरही हसले. ती मात्र हसली नाही. "माझी आई याच वर्गात होती," ती म्हणाली. "ती सांगते, पहिल्या दिवशी सगळ्यांनी इथे बोट टेकायचं. आईचंही बोट आहे या भोकात." आणि तिने नखाने तो निळा कागद उचकटला. जुना डिंक होता, टर्रकन निघाला. मग तिने बोट पुढे केलं.

मित्रांनो, किती दिवसांनी! बोट टेकलं, पण थांबायला तिथे आता काही नव्हतं. ते आरपार गेलं आणि मागे जाऊन आपटलं.

तिचे डोळे मोठे झाले. "भिंत लागली," ती म्हणाली. "सर, ही आपली भिंत आहे. आपल्याच वर्गाची. म्हणजे," तिने बोट तसंच ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "आपण इथे!"

वर्गात एकच गलका. "मला बघू दे!" "आधी मी!" "ढकलू नकोस रे!"

त्या क्षणी मी स्क्रीनकडे पाहिलं. तिचा निळा ठिपका लुकलुकत होता. तो ठिपका बरोबर होता, अगदी बिनचूक. पण त्याच्यामागे बोटाला काही लागत नव्हतं.

मतदान झालं. थोडक्यात सांगतो: काच हरली. फार नाही, चार-पाच मतांनी. मोठ्या सरांचा चेहरा उतरला. "मुलं आहेत, त्यांना काय कळतंय," ते म्हणाले. "चौकट तर करूच."

नवे सर हसरे होते म्हणालो ना? तेव्हा हसले नाहीत. "सर, मत मागितलं की मानायचं. मानायचं नसेल तर मागायचंच नाही. नाहीतर उद्या मी या पोरांना नागरिकशास्त्र कुठल्या तोंडाने शिकवू?"

"फाटला तर?" मोठ्या सरांनी विचारलं.

"शिवू," प्रश्नबाई म्हणाली.

मोठे सर माझ्यापाशी आले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ती पाटी काढली आणि खिशात घातली.

पोरांची रांग लागली. मी वाऱ्याने आणि धक्क्यांनी हलत होतो, बोट नेमकं टेकत नव्हतं. पुढारी एकटा खिडकीपाशी फुरंगटून उभा होता. प्रश्नबाईने हाक मारली, "ए पुढारी, ये ना. खालची दांडी धर. आई म्हणते, हरलेल्याने धरायचं असतं, नाहीतर सगळ्यांचंच वाकडं होतं."

"हा कुठला नियम?"

"जुना."

तो आला. कुरकुरत आला, पण आला. दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, सगळी रांग संपेपर्यंत वाकून उभा राहिला. शेवटी त्यानेही बोट घातलं.

तर असं आहे. मधली भिंत अजून स्क्रीनचीच आहे. तिला नवा पडदा शिवलाय, मला नाही. ती दिवसभर भाव खाते, माझ्याकडे पोरं येतात ती कधीतरी, आणि पोचा आलेला गोल कपाटावरून दोघांकडे बघतो. माझा हेवा गेलेला नाही. तो जाईल असंही मी सांगणार नाही.

पण मित्रांनो, एक सांगतो, आणि हे विनवणी म्हणून नाही, बजावून सांगतो. तुमच्या शाळेत माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल तर त्याला काचेत घालून जपल्याचा आव आणू नका. जवळ जा. तो कुठे ताणलाय ते विचारा, कुणी कुठली रेघ कधी मारली ते विचारा. फाटला तर सुई-दोरा आणा. आणि सगळ्यात आधी आपलं गाव शोधून त्यावर बोट टेका. माझं भोक आता दोन बोटांएवढं झालंय. होऊ दे आणखी मोठं.