निळ्या पिंपातली संत्री

गॅस प्रकल्पावर उष्टं-खरकटं निवडायचं काम आक्काकडे होतं. दवाखाना, वृद्धाश्रम, कारखान्याचं कँटीन, सगळीकडून पिंपं यायची. ती टेबलावर ओतायची, प्लास्टिक, हाडं, चुकून आलेले चमचे काढायचे आणि उरलेलं दळायला द्यायचं. तो लगदा बंद टाकीत महिनाभर कुजायचा, आणि त्यातून सुटलेला गॅस नळीने कँटीनच्या शेगड्यांना जायचा.

संत्र्या-लिंबाच्या सालीही वेगळ्या काढाव्या लागत. "टाकी म्हणजे जावई," टाकी सांभाळणारे काका म्हणायचे. "जरा आंबट जास्त झालं की रुसलीच."

एका सकाळी निळ्या पिंपातून आक्काच्या हाती अख्खं संत्रं लागलं. उचललं तर हलकं. साल एका सलग पट्टीत सोलून, आत बिया ठेवून, पुन्हा गोल गुंडाळलेली. टोक आत खोचलेलं.

तिने ते झटकन खाली ठेवलं. असं संत्रं तिची आई सोलायची. दुसऱ्या कुणाला असं करताना तिने पाहिलं नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"काय गं, विंचू चावला की काय?" काकांनी विचारलं.

"छे, काही नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं. तिसऱ्या दिवशी दोन. घरी नवऱ्याने विचारलं, "भांडी घासताना कुणाशी बोलत होतीस?" आपण बोलत होतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने गाडीवाल्याला गाठलं. "हे निळं पिंप कुठलं रे?"

"वृद्धाश्रमाचं. वरच्या मजल्याचं."

कामाची पाळी संपल्यावर तीन-तीनदा हात धुऊन ती तिकडे गेली. वरच्या मजल्यावर नर्स भेटली. कुणाला भेटायचंय म्हणून सांगावं, हे आक्काला सुचेना. "इथे संत्री कोण खातं?" तिने विचारलं.

नर्स हसली. "त्या खिडकीजवळच्या आजी. दोन वर्षं झाली, त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही."

आजी पाठमोऱ्या बसल्या होत्या. एक खांदा किंचित खाली, मानेवर सैल अंबाडा. आक्का दारातच थांबली. आई. मग त्या वळल्या. चेहरा आईचा नव्हता, पण नाक आणि भुवया तिच्याच.

आईला एक धाकटी बहीण होती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. का, ते आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"ताई," मावशी म्हणाली, "किती उशीर केलास गं."

मी तुझी भाची, असं आक्का सांगणार, तोच मावशीने तिचं मनगट धरलं. "अजून राग आहे?"

आक्का तिच्या शेजारी टेकली. "नाही."

"खरंच?"

"खरंच. केव्हाच गेला."

मावशीने डोळे मिटले. मनगट मात्र सोडलं नाही.

पुढचे अकरा दिवस आक्का रोज गेली, आणि रोज ताई झाली. "आठवतं ना?" मावशी विचारायची. जे कधी पाहिलंच नव्हतं त्यालाही ती "हो" म्हणायची. बाराव्या दिवशी गेली तेव्हा नर्स रिकाम्या पलंगावरची चादर बदलत होती.

निळं पिंप अजून येतं. ते ओतताना कधीकधी कुणीतरी पाठीमागे येऊन उभं राहिल्यासारखं आक्काला वाटतं. तो राग आईचा होता. तो गेला असं आपण कुणाला विचारून सांगितलं, हे तिचं तिलाच कळत नाही. अशा वेळी ती वळून बघत नाही. मान खाली घालून निवडत राहते.