तीन बोटांची मूठ

मी एक जुनी मूठ आहे. व्हॅनच्या गिअरच्या दांड्यावर बसणारी, लाकडाची, जराशी वाकडी. मित्रांनो, मला पाहून हसू नका. माझा वाकडेपणा मापाने घेतलेला आहे.

माझा पहिला जन्म धोट्याचा. कामतघरच्या एका कारखान्यात मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत घेऊन धावणे, एवढेच माझे काम. त्याच कारखान्यात हिरामण माग चालवायचा. एके दिवशी पट्ट्याने त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट नेले. शेठ दोन वेळा दवाखान्यात आला, दोन्ही वेळा केळी घेऊन. पुढे मीही चिरलो आणि भंगारात पडलो. हिरामण काम सोडून निघताना मला उचलून घेऊन आला. का, ते त्यालाच ठाऊक.

मग त्याने व्हॅन घेतली. गावातल्या बायकांना काल्हेरच्या गोदामांवर पोचवायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. पण गिअरची गोल मूठ पाच बोटांसाठी केलेली. तिच्यावरून त्याचा हात घसरायचा.

सावळाराम सुताराने उपाय काढला. हिरामणच्या बायकोकडून, राहीबाईकडून, भाकरीच्या उकडीचा गोळा मागून घेतला आणि हिरामणच्या हातात दिला.

"दाब. जोरात दाब. बायकोचा हात धरलास काय?"

"तिचा कवा धरू देते ती?" हिरामण म्हणाला.

"गोळा वाया घालवू नका, दोघं पन," आतून राहीबाई ओरडली.

त्या ठशाबरहुकूम सावळारामने मला कोरले, पोटात पितळी आटे बसवले. अंगठ्याला खळगा, दोन बोटांना दोन खाचा. धोट्याची मी मूठ झाले. अकरा वर्षे दिवसाला तीनचारशे वेळा त्या हाताने मला धरले. एकदाही घसरला नाही. बायका गाडीत डुलक्या काढायच्या. याहून मोठी शाबासकी मला माहीत नाही.

गेल्या दसऱ्याला त्याचा मुलगा प्रितेश गोदामातल्या पहिल्या पगारातून नवी मूठ घेऊन आला. काचेची, गोल, आत निळा दिवा.

"बाबा, ते लाकूड काढा आता. लोक हसतात."

हिरामणने पोराच्या तोंडाकडे पाहिले. त्या दिव्यापेक्षा ते तोंड जास्त उजळले होते. "भारी हाय," एवढेच तो म्हणाला. मला त्याने पुसून डॅशबोर्डच्या खणात ठेवले. टाकले नाही.

आठवडाभर तो कुणाला काही बोलला नाही. मला मात्र खणात ऐकू यायचे. त्याचा हात गिअर दोनदा, तीनदा चाचपडायचा.

मानकोलीच्या चढावर गर्दी होती. दुसऱ्यावरून पहिला टाकताना घामेजलेला हात काचेवरून सटकला. गाडी न्यूट्रलमध्ये अडकली आणि ब्रेकवर पाय पडेपर्यंत मागे घरंगळत एका टेम्पोवर आदळली. मागे बसलेल्या तुळजाचा गुडघा फुटला.

"काका, तीन बोटांवर आमचे जीव कशाला टांगता?" ती रडत म्हणाली.

सगळ्यांनी बोटे मोजली, मूठ कुणीच पाहिली नाही. मी खणात होते, मला तोंड नव्हते. आणि ज्याला होते, त्याने पोराच्या भेटीवर बोल येऊ दिला नाही.

"चूक माझीच," हिरामण म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने चावी प्रितेशला दिली.

तीन महिन्यांनी विम्याचे कागद शोधताना प्रितेशच्या हाती मी लागले. त्याने मला सहज मुठीत धरले. बसेना. फिरवून धरले, तरी बसेना. मग त्याने करंगळी आणि शेजारचे बोट आत मुडपले. मी बरोब्बर बसले. त्याची नजर गिअरवरच्या काचेच्या मुठीकडे गेली.

मित्रांनो, कुणाला काही द्याल तर आधी त्याचा हात बघा. आणि कुणाचे जुने काढायला सांगाल तर ते तसे का आहे, एवढे तरी विचारा.

प्रितेश मला घेऊन ओट्यावर गेला. "बाबा, सांगायचं ना. उद्यापासून तुम्हीच चालवा."

"न्हाय रे. बायकांच्या मनात भ्या बसलं. आता गाडी तुझी हाय."

असे म्हणत त्याने मला हातात घेतले. अंगठा खळग्यात गेला, बोटे खाचांत गेली. मग डोळे मिटून त्याने मला पुढे सारले. मागे ओढले. पुन्हा पुढे. ओट्यावर, हवेत. मानकोलीचा चढ असावा. या वेळी हात घसरला नाही.