देवाला माफी

भावना दुखावल्या म्हणे! माझे गुडघे बारा महिने दुखतात, मी जाते का कुणाच्या दारात घोषणा द्यायला?

मी नाटकात प्रॉम्प्टर आहे. संहिता मांडीवर घेऊन विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. त्याला ऐकू जावं, पहिल्या रांगेला जाऊ नये. हे नाटक माझ्या भाच्याचं. लेखक तोच, दिग्दर्शकही तोच, बहिणीने डोक्यावर बसवून ठेवलाय. नाटकात देव एका म्हातारीकडे भाडेकरू म्हणून येतो, फुकट जेवतो, घरभर पसारा करतो. शेवटी कळतं की म्हातारीची लेक तापाने गेली, तेव्हा हा देव ढाराढूर झोपला होता. मग ती त्याची पथारी उचलून दाराबाहेर ठेवते आणि म्हणते, "देवा, मी तुला माफ केलं. पण आता माझ्या घरात राहू नकोस."

ते वाक्य माझं आहे. माझी मुलगी गेली त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातली तसबीर उतरवताना मी ते बोलले होते. भाचा तिथेच ओट्याला टेकून चहा पीत होता. पुढे त्याने विचारलं, "मावशी, घालू का नाटकात?" म्हटलं, घाल बाबा. निदान कुणीतरी ऐकेल.

ऐकलं ते श्रद्धा रक्षण समितीने. नाटक एकानेही पाहिलेलं नव्हतं, पण दुखावले मात्र झाडून सगळे. थिएटरच्या काचा फोडू म्हणाले. भाच्याने लगेच शेपूट घातलं. "आधी तालीम बघा साहेब. जिथे दुखेल तिथे हात वर करा, मी तेवढं कापतो." हात वर करा! जसं काही वर्गात लघवीला जायचंय.

आले पाचजण, बसले खुर्च्या अडवून. देव म्हातारीचे कपडे पिळून वाळत घालतो, तिथे अध्यक्ष असा हसला की शेजाऱ्याच्या मांडीवर थापा मारायला लागला. देव भाडं चुकवायला कॉटखाली लपतो, तिथे तर त्याला डोळे पुसावे लागले. हात कुणाचाच वर नाही. मला वाटलं, चला, सुटलो. मग ते वाक्य आलं. आणि या गृहस्थाचा हात वर!

"देवाला माफी? म्हणजे देव चुकला? आणि माफ करणारी ही कोण लागून गेली?"

"बरोबर आहे साहेब," भाचा म्हणाला. त्याने तिथल्या तिथे पेन काढून नवं वाक्य लिहिलं. "देवा, मला माफ कर." अध्यक्ष खूश. समोरची बिस्किटं संपवली आणि गेले आपले दुखणं बरं करून.

मी भाच्याला जिन्यात गाठलं. "मी माफी मागू? कशाबद्दल रे? पोरीला जन्म दिला म्हणून?"

"मावशी, नाटक आहे ते. अंगाला काय लावून घेतेस? एक वाक्य गेलं, बाकीचं तर वाचलं ना."

"काय वाचलं? देवाने वाळत घातलेले कपडे?"

"दगड पडले तर मला पडतील, तुला नाही."

एवढं एक खरं बोलला. बाकी भित्रा तो भित्राच. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, पण स्टूल सोडलं नाही.

पहिला प्रयोग दुपारचा होता. समिती पहिल्या रांगेत, फुकटच्या पासांवर. कपड्यांना हसले, कॉटला हसले, अगदी पोट धरून. शेवटी म्हातारीचं काम करणाऱ्या नटीने पथारी उचलून दाराबाहेर ठेवली. "देवा..." म्हणाली आणि थांबली. तिने विंगेकडे माझ्याकडे पाहिलं. खरंच विसरली की मुद्दाम, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

नवं वाक्य माझ्या मांडीवर होतं. पलीकडच्या विंगेतून भाचा तेच ओठ हलवून दाखवत होता, घामाने निथळत.

मी उठले. जन्मभर पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये असं बोलत आले. त्या दिवशी शेवटच्या रांगेला जाईल असं बोलले.

"देवा, मी तुला माफ केलं. पण आता माझ्या घरात राहू नकोस."

अध्यक्ष ताडकन उभा राहिला. "कोण बोललं ते? हिंमत असेल तर समोर या!"

गुडघे कुरकुरले, पण गेले मी तशीच उजेडात. मागून भाचा रडकुंडीला येऊन कुजबुजत होता, "मावशी, आत ये ना गं! पाया पडतो तुझ्या!"

"मी बोलले," मी अध्यक्षाला म्हटलं. "मुलगी माझी गेली होती."

"काय म्हणालात?" आवाज जरा खाली आला होता त्याचा.

"ऐकू आलं नसेल तर परत सांगते," मी म्हटलं. आणि सांगितलं.