पाच पंचावन्न

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही या, सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. कीर्तनात बुवा निरूपण थांबवून दृष्टांताकडं वळले की माणसं मांडी बदलून सावरून बसतात, तसं बसा. आज एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, राजाची नाही. बारामतीच्या एसटी स्टँडमागं, दुसऱ्या मजल्यावर, चौदा वर्षं फळ्यापुढं उभं राहून खडूनं पांढऱ्या झालेल्या एका माणसाची गोष्ट, आणि त्याच्या पोटात गुपचूप पेटलेल्या चुलीची.

त्याचं नाव गोकुळ. राहणारा सांगवीचा. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांना बसणाऱ्या पोरांना तो अंकगणित शिकवायचा. त्यातही काळ, काम, वेग म्हटलं की बारामतीत दुसरं नाव कुणी घेत नसे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की वेगांची बेरीज, एकामागं एक धावल्या की वजाबाकी, हे त्यानं किती पोरांच्या डोक्यात बसवलं असेल त्याची गणती नाही. फौजदार झालेली पोरं रस्त्यात गाडी थांबवून त्याच्या पाया पडत. सुखी माणूस होता तो. निदान सोनल येईपर्यंत.

सोनल निमगाव केतकीची. तीन वर्षांपूर्वी ती त्याच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मागच्या परीक्षेत तिचं नाव दोन गुणांनी यादीतून राहिलं. क्लासचे मालक विजयसिंह म्हणाले की, पुढच्या परीक्षेला बसेपर्यंत रिकामी कशाला राहतेस, संध्याकाळी पलीकडच्या लहान खोलीत पोरांच्या शंका सोडव. गोकुळनंही मान हलवली होती. आपलीच पोर आहे, चार पैसे मिळतील तिला, असं तो घरी कौसल्येला, म्हणजे बायकोला, म्हणालाही होता.

आता त्या क्लासात रीत अशी, की चपला दाराबाहेर काढायच्या. पहिल्या आठवड्यात गोकुळच्या दाराशी साठ जोड असत आणि सोनलच्या दाराशी सात. पाणी प्यायला बाहेर आला की त्याची नजर सहज जायची. दिवाळीनंतर सात जोडांचे वीस झाले. मग पस्तीस. एका सोमवारी त्यानं मोजले तर तिकडं बावन्न आणि इकडं अठरा, त्यातले दोन जोड पुढच्या पंगतीतल्या ऋषिराजचे, कारण तो पळायचे बूट आणि स्लिपरा दोन्ही घेऊन यायचा. म्हणजे सतराच.

त्या संध्याकाळी तो तिच्या खोलीबाहेर जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहिला. आत सोनल विचारत होती, आगगाडी पूल ओलांडते तेव्हा गाडीची लांबी का मिळवायची? पोरं वहीत सूत्र शोधायला लागली. तेव्हा ती म्हणाली, उसाची ट्रॉली मोरीवरून पलीकडं गेली असं आपण कधी म्हणतो? इंजिन पलीकडं गेल्यावर की शेवटचं चाक उतरल्यावर? सगळी खोली हसली आणि सगळ्या खोलीला कळलं. गोकुळ हेच सूत्र चौदा वर्षं घोकून घेत होता. त्याला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला ते आवडलं, हेच खरं दुखणं होतं. आवडलेली गोष्ट आपली नाही, हे माणसाला जेवू देत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं तीच ट्रॉली आपल्या वर्गात आणली. ऋषिराज भाबडेपणानं म्हणाला, "सर, हे सोनलताईंचं उदाहरण हाय ना?" गोकुळ फळ्याकडं वळून पुढचं गणित लिहायला लागला. खडू मोडला.

घरी कौसल्येनं ओळखलंच. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्याच पुस्तकातलं घ्या. अ एकटा एक काम वीस दिवसांत करतो, ब बारा दिवसांत करती. दोघांनी मिळून केलं तर लवकर संपंल का न्हाय?"

"ब ला त्या कामावर बोलवलं कुणी, हे पुस्तकात नसतं," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

अशा कुढण्यात परीक्षा आली. रविवारी पेपर. शुक्रवारी सकाळी विजयसिंहांनी दोन्हीकडच्या पोरांना मोठ्या हॉलमध्ये एकत्र बसवलं, शेवटच्या उजळणीला. सोनल स्वतः परीक्षेला बसणार होती, म्हणून ती मागं भिंतीशी वही घेऊन उभी होती. गोकुळनं घड्याळाचं प्रकरण काढलं आणि फळ्यावर गणित लिहिलं. एक घड्याळ दर तासाला पाच मिनिटं मागं पडतं. सकाळी सहाला ते बरोबर लावलं. संध्याकाळी त्यात पाच वाजले असतील, तर खरी वेळ काय?

आज त्याच्यापुढं ऐंशी पोरं होती आणि ती मागं उभी होती. त्याला झटक्यात सोडवून दाखवायचं होतं. सहा ते पाच अकरा तास, अकरा पंचे पंचावन्न, म्हणून खरी वेळ पाच वाजून पंचावन्न मिनिटं. उत्तराभोवती चौकोन काढून त्यानं खडू ठेवलासुद्धा.

ऋषिराजनं हात वर केला. म्हणाला की, असल्याच गणिताला ताईंनी सहा उत्तर काढलं होतं.

हॉल वळून मागं बघायला लागला. गोकुळनं हसून सोनलला पुढं बोलावलं. ते हसू कसलं होतं, ते त्यालाच ठाऊक.

सोनल संकोचत आली. तिनं खडू घेतलाच नाही. ती म्हणाली, "सर, आमच्या चारीवर पाटाच्या पाण्याची पाळी घड्याळावर असायची. शेजारच्यांची पाळी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच, पुढं आमची. घड्याळ त्यांच्या खोपीत टांगलेलं, आणि ते असंच मागं पडायचं. त्यात पाच वाजले की ते पाणी सोडायचे. पण आमच्या गेणबा आज्यांना कायम वाटायचं की दिवस फार कलला. मी सहावीत असताना शाळेतल्या सरांचं घड्याळ मागून आणलं आणि दिवसभर बांधावर बसले. त्यांच्यात पाच वाजले तेव्हा माझ्यात सहा वाजले होते. ते घड्याळ खऱ्या एका तासात पंचावन्नच मिनिटं चालायचं, सर. आपण इथं त्याच्या तासाला पाच मिनिटं मिळवली. मिळवायची ती खऱ्या तासाला. बारा खरे तास, बारा पंचे साठ."

ती बोलत असतानाच गोकुळला दिसलं. अगदी लख्ख दिसलं. पाच पंचावन्नला त्या घड्याळात पाच वाजलेलेच नसतात. पोर बरोबर होती आणि तो घाईत घसरला होता. घसरणं काही पाप नाही मंडळी, भले भले घसरतात. तिथं "चुकलो रे" एवढं म्हटलं असतं तर पोरं हसली असती आणि विषय संपला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढं दाराबाहेरच्या चपला आल्या. बावन्न आणि सतरा.

तो म्हणाला, "गोष्ट छान आहे. पण परीक्षेत गोष्टी विचारत नाहीत. पाच पंचावन्न. लिहून घ्या."

पोरं सोनलकडं बघायला लागली. ती काय बोलते याची तो वाट बघत होता. तिनं वाद घालावा, म्हणजे तिला चार शब्द सुनावता येतील, असंच त्याला वाटत होतं. सोनलनं मान खाली घातली. म्हणाली, "सरांनीच मला शिकवलंय. माझंच कुठंतरी चुकत असंल. सर सांगतात तेच लिहा." आणि तिनं स्वतःच्या वहीतही खोडून लिहिलं. ऐंशी वह्यांत पाच पंचावन्न गेलं.

जिंकल्यावर माणसाला हलकं वाटायला पाहिजे. गोकुळला घरी जाताना मोटारसायकल ढकलत नेल्यासारखं वाटत होतं.

सांगवीत त्या दिवसांत हरिनाम सप्ताह बसला होता. गोकुळ लहानपणापासूनचा टाळकरी; सगळा दिवस कसाही गेला, तरी कीर्तनात टाळ हातात आला की त्याचं मन ठिकाणावर यायचं. त्या संध्याकाळी तो ओळीत उभा राहिला, बुवांनी चाल धरली, पण त्याच्या कानात "बारा पंचे साठ" वाजत होतं. टाळ मागं पडायला लागला. मागं पडतोय हे त्याला कळलं, म्हणून त्यानं जोर केला. जोरानं तो आणखी उघडा पडला. शेजारचे दोघे टाळकरीही त्याच्या नादानं ढळले.

पखवाजावर अप्पा होते. सत्तरी उलटलेले, थाप मात्र अजून तीच. कीर्तन उरकून लोक प्रसादाला पांगले तेव्हा अप्पांनी पखवाजाला गवसणी घालता घालता त्याला जवळ बसवून घेतलं.

"गोकुळ, टाळ मागं पडला तर काय करायचं, तुला शिकवलं होतं का मी?"

"शिकवलं होतं, अप्पा."

"मग जोरात का वाजवत होतास? मागं पडलेल्यानं जोर केला की शेजारचे दोघंबी चुकत्यात. हात थांबवायचा. ऐकायचं. मग मिसळायचं. थांबलं म्हणून कुणी हसत न्हाय रं. देव तर अजिबात न्हाय."

अप्पांना क्लासातलं काही ठाऊक नव्हतं. ते टाळाबद्दलच बोलत होते. पण गोकुळनं प्रसादाचा द्रोण खाली ठेवला.

शनिवारी सकाळी पोरं हॉलतिकिटाच्या झेरॉक्स घ्यायला क्लासात जमली होती. गोकुळनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, फळ्यावर तेच गणित लिहिलं आणि खाली सहा लिहिलं. काल उत्तर चुकलं ते घाईत, पण ताईचं ऐकूनही बदललं नाही ते मुद्दाम, असं त्यानं सरळ सांगून टाकलं. मुद्दाम का, ते एवढ्या पोरांपुढं त्याला सांगवलं नाही. कुणी हसलं नाही. पेनांचा आवाज तेवढा झाला. जे आले नव्हते त्यांच्यासाठी त्यानं ग्रुपवरही लिहिलं.

सोनल मात्र त्यात नव्हती. तिचं केंद्र इंदापूरला आलं होतं, म्हणून ती साडेदहाच्या गाडीनं निमगावला निघून गेली, आणि परीक्षा होईपर्यंत फोन बंद ठेवायचा हा तिचा नेम, असं ऋषिराजनं सांगितलं. सरांनीच लावलेला नेम होता तो.

म्हणजे ती उद्या पेपरला बसणार ती सरांच्या चुकीच्या उत्तरावर विश्वास ठेवून. मागच्या वेळी दोन गुणांनी राहिलेली पोर. आणि एक प्रश्न दोन गुणांचा.

गोकुळनं घड्याळ बघितलं. दहा पन्नास. एसटी ताशी चाळीसनं गेली तर वीस मिनिटांत सव्वातेरा किलोमीटर पुढं. आपण साठनं गेलो तर वेगांची वजाबाकी वीस. चाळीस मिनिटं लागतील, म्हणजे थेट निमगावलाच गाठ. चौदा वर्षांत पहिल्यांदा हे गणित त्यानं स्वतःसाठी सोडवलं, आणि मोटारसायकलला किक मारली.

पुस्तकातल्या गाड्या कुठं थांबत नाहीत. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या आणि गोकुळ त्यांच्यामागं बैलगाडीच्या चालीनं सरकत राहिला. शेवटचं चाक मोरीवरून कधी उतरतंय याची वाट बघताना त्याला तिची ट्रॉली आठवली, आणि त्या उन्हात, हेल्मेटच्या आत, तो एकटाच हसला. लासुर्णे गेलं. अंथुर्णे गेलं. एसटी दिसेना. शेळगावच्या पुढं तिची पाठ दिसली, आणि निमगावच्या थांब्यावर ती थांबायला आणि हा पोचायला एकच गाठ पडली.

सोनल पिशवी घेऊन उतरली आणि सरांना बघून घाबरलीच. तिला वाटलं, काहीतरी वाईट घडलं.

"सहाच," गोकुळ हेल्मेट काढत म्हणाला. "सोनल, उत्तर सहाच आहे. तुझंच बरोबर."

तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "सर, मी काल संध्याकाळपासून पाच पंचावन्न कसं येतं तेच शोधतीया. दुसरं काही वाचलंच न्हाय. म्हटलं, सर चुकणार न्हायत, मंजी आपणच तेव्हा बांधावर काहीतरी चुकीचं बघितलं."

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

"मला फळ्यापाशीच कळलं होतं," तो म्हणाला. "तू बोलत होतीस तेव्हाच."

"मग बोलला का न्हाय, सर?"

थांब्यावर माणसं होती, केळ्यांची गाडी होती, कंडक्टर घंटी मारत होता. गोकुळ म्हणाला, "दाराबाहेरच्या चपला मोजत होतो. तुझ्या दारापुढच्या."

सोनलनं खाली ठेवलेल्या पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाली, "त्यातला एक जोड माझा असायचा, सर. एक कमी करा." आणि पिशवी उचलून, घरी येऊन चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, गेणबा आजे रागावतील, असं सांगून ती पुढं चालायला लागली. गोकुळ गाडी हातानं ढकलत तिच्या मागं गेला.

रविवारच्या पेपरात मागं पडणारं घड्याळ आलंच नाही. काट्यांमधला कोन विचारला होता. सोनल यादीत आली. आता ती इंदापूर तालुक्यात तलाठी आहे. लहान खोलीला कुलूप आहे, आणि गोकुळच्या दाराशी चपला पुन्हा साठाच्या वर गेल्यात. तरी परवा गणित झटकन सोडवलं म्हणून ऋषिराजची वाहवा कुणी केली तेव्हा पोटातली चूल जरा फुरफुरलीच, असं तो स्वतःच मला सांगत होता. ती विझत नाही म्हणे. हात थांबवून ऐकावं लागतं, एवढंच. पाच पंचावन्न आणि सहाचं ते गणित मात्र तो दर वर्षी फळ्यावर आधी चुकीचं सोडवतो, आपलंच नाव घेऊन.

अप्पांचा हात आता थरथरतो. पखवाज गवसणीत पडून असतो आणि ते खांबाला टेकून नुसते ऐकत बसतात. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे: पुढच्या वेळी कीर्तनात टाळ हातात घ्याल, आणि तो जरासा मागं पडेल, तेव्हा जोर करायच्या आधी सांगवीच्या अप्पांची आठवण काढा.